मूठभर धान्य ते शांतिसेना

विनोबाप्रणीत लोकदानाचे प्रकार

• भूदान : १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे, भूमिहीन दलितांच्या मागणीवरून, रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली, तेथून प्रारंभ. पुढे अपेक्षित हिस्सा : एक षष्ठांश.

• ग्रामदान : जमिनीची मालकी ग्रामसमाजाकडे. पहिले गाव उत्तर प्रदेशातील मंगरोठ, १९५२.

• संपत्तिदान : उत्पन्नाचा ठरावीक अंश, रक्कम मात्र दात्यापाशीच राहते आणि निर्देशानुसार तिचा विनियोग करून तो सालाखेर हिशेब कळवितो.

• शांतिसेना : स्थापना १९५७, केरळ. एरवी ग्रामसेवा, दंगलप्रसंगी निःशस्त्र मध्यस्थी.

• सर्वोदय-पात्र : घरातील लहान मुलाच्या हातून ज्यात नित्य मूठभर धान्य पडते, ते भांडे, संचित धान्याचा विनियोग शांतिसैनिकांच्या योगक्षेमासाठी व सर्वोदयकार्यासाठी.