जमिनीचे खरेदीखत : लिहून देणार व लिहून घेणार

बीड जिल्ह्यातील तलवाडा येथील एखादा शेतकरी आपली चार एकर कापसाची जमीन विकावयास काढतो, असे समजू. लिहून देणारास वाटते, जमीन जाईल व पैसाही बुडेल. लिहून घेणारास वाटते, पैसा जाईल व जमीन वादात सापडेल. कायद्याने या दोन्ही भयांचा विचार केलेला आहे.

१०० रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये नोंदविलेच पाहिजे. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते दुय्यम निबंधकापुढे दाखल करावयाचे असते. तथापि नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे. देणाराची मालकी तपासणे हे दुय्यम निबंधकाचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली स्पष्ट केले आहे. म्हणून घेणाराने सात-बारावरील ‘इतर हक्क’ हा रकाना, जुने फेरफार व निबंधक कार्यालयातील सूची स्वतः पाहावी. जमीन वर्ग २ ची असल्यास विक्रीच्या परवानगीची खात्री करावी.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम ५५ दोन्ही पक्षांस बांधते. सहज न दिसणारा, परंतु देणारास ठाऊक असलेला जमिनीतील अगर हक्कातील दोष त्याने घेणारास सांगितला पाहिजे. घेणाराने योग्य रीतीने आगाऊ दिलेल्या रकमेपुरता त्याचा त्या जमिनीवर बोजा राहतो. मात्र त्याने विनाकारण ताबा नाकारलेला नसावा.

देणाराची बाजूही लक्षात घ्यावी. किंमत पुरती चुकती झाली नसली तरी नोंदलेल्या खताने मालकी सामान्यतः घेणाराकडे जाते. केवळ पैसे राहिले म्हणून खत रद्द होत नाही. राहिलेल्या रकमेपुरता देणाराचा जमिनीवर बोजा असतो खरा. परंतु घेणाराने ती जमीन पुढे विकल्यास, नव्या खरेदीदारास थकबाकीची जाणीव असेल तरच तो बोजा त्याच्यावर चालतो. यास्तव पैसे हाती येण्यापूर्वी ‘सर्व रक्कम पावली’ असे खतात लिहू देऊ नये. किती मिळाले, किती राहिले व केव्हा मिळणार, हे त्यात स्पष्ट असावे.

नोंदणीनंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे फेरफाराची प्रत चावडीत लावली जाते व हितसंबंधीयांस नोटीस दिली जाते. हरकत असल्यास ती त्याच मुदतीत द्यावी.

शेतकरी बंधूंनी खत लिहून होताच ते विश्वासू माणसाकडून मोठ्याने वाचवून घ्यावे आणि मगच सही अगर अंगठा करावा.