घरकामासाठी बॅटरीवरचे ड्रिल : लहान घ्यावे की मोठे?

सिन्नर तालुक्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. येथील शेतकऱ्याच्या हाती येणारा पैसा पावसाइतकाच बेभरवशाचा असतो. म्हणून घरात येणारी प्रत्येक वस्तू पारखून घेण्याची त्याला सवय आहे. मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावचे औद्योगिक क्षेत्र यांमुळे या तालुक्यातील अनेक घरांत यंत्राची ओळख झालेली आहे. दाराची बिजागरी निखळली, कपाटाची फळी बसवावयाची आहे, गोठ्याचा पत्रा उडू पाहतो आहे, अशा कामांसाठी सुताराची वाट न पाहता बॅटरीवर चालणारे ड्रिल विकत घ्यावे, असा विचार त्यामुळे सहज निघतो.

दुकानदार अशा वेळी दोन यंत्रे समोर ठेवतो. एक लहान, १२ व्होल्टचे; दुसरे मोठे, १८ व्होल्टचे. ‘एकदाच घ्यायचे तर मोठेच घ्यावे’ असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु दोन बैलांच्या कामाला चार बैल जुंपल्याने नांगरट चांगली होतेच असे नाही. यंत्राची निवड आकड्यावरून न करता कामावरून करणे हेच हितावह होय.

यंत्राची पूर्वपीठिका

सुताराच्या पेटीतील सामता व गिरमिट हीच या यंत्राची मूळ रूपे. विजेवर चालणारे हातड्रिल जर्मनीतील फाइन या कारखान्याने १८९५ मध्ये तयार केले. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवरचे ड्रिल बाजारात आणले. त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड असत व त्यांत ताकद थोडी मावे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये विक्रीस आली आणि २००० नंतरच्या दशकात ती हत्यारांत बसू लागली. त्यामुळेच आज किलोभर वजनाचे यंत्र घरगुती कामास पुरे पडते.

व्होल्टचा आकडा कसा वाचावा

लिथियम-आयन बॅटरीचा एक घट सरासरी ३.६ व्होल्टचा असतो. लहान यंत्रात असे ३ घट एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे १०.८ व्होल्ट झाले. पूर्ण भरल्यावर ते १२ च्या थोडे वर जातात, म्हणून वेष्टनावर १२ छापतात. मोठ्या यंत्रात ५ घट, म्हणजे १८ व्होल्ट. काही वेष्टनांवर ‘२० व्होल्ट’ असे लिहिलेले असते. तेही याच ५ घटांचे यंत्र असते. केवळ त्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले असता बॅटरीतील एकूण साठा कळतो. लहान यंत्राच्या २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे २२ वॉट-तास, तर मोठ्याच्या ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॉट-तास साठा असतो. मोठ्यात तिपटीहून अधिक काम होते हे खरे. पण घटही ३ ऐवजी १० लागतात आणि प्रत्येक घटाचे वजन ४५ ते ५० ग्रॅम भरते. त्यात मोठ्या मोटारीची भर पडते. परिणामी लहान यंत्र सुमारे १ किलोचे, तर मोठे दीड ते दोन किलोचे होते.

फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरात असली, तरी ती ड्रिलला जोडण्याचा प्रयत्न करू नये. तिची जात, जोडणी व संरक्षणाची व्यवस्था वेगळी असते.

पिळाचा जोर

स्क्रू आत शिरतो तो पिळाच्या जोराने. हा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. १ मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ३ किलो वजन टांगले असता जेवढा पीळ पडतो, तो सुमारे ३० न्यूटन-मीटर होय. लहान यंत्रे साधारणतः २० ते ३५, तर मोठी ५० ते ६० व त्याहूनही अधिक जोर देतात. बिजागऱ्या, कडी-कोयंडा, फळ्या, खिडकीची जाळी या कामांना ३० पुष्कळ झाले. चौकटीच्या लाकडात लांब व जाड स्क्रू बसवावयाचे असतील, किंवा लोखंडात १० मिलिमीटरच्या वरची भोके वारंवार पाडावयाची असतील, तरच मोठ्याची गरज भासते. लहान यंत्राच्या चकात बहुधा १० मिलिमीटरपर्यंतचे बिट बसते. मोठ्याच्या चकात १३ मिलिमीटरपर्यंतचे.

भिंत कशाची आहे?

यंत्र घेण्यापूर्वी घराची भिंत पाहावी. विटांच्या भिंतीत ६ ते ८ मिलिमीटरचे भोक पाडण्यास ठोक्याची सोय असलेले ड्रिल व कठीण टोकाचे बिट घ्यावे. ही सोय काही लहान यंत्रांतही मिळते. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब, तुळई, किंवा गोंदेश्वराच्या मंदिरात दिसतो तसला काळा पाषाण यांच्याशी गाठ पडली, तर मात्र दोन्ही यंत्रे थकतात. मोठे घेतले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी दगडफोडीच्या जातीचे वेगळे हॅमर यंत्र लागते. ते भाड्याने आणावे. पाळण्याचा वा झोपाळ्याचा आकडा जाणत्या कारागिराकडूनच बसवून घ्यावा, कारण त्यावर घरातील मुलांचा जीव टांगलेला असतो.

कांदाचाळ आणि शिडी

उन्हाळ कांदा चाळीत भरण्यापूर्वी चाळीच्या सैल पट्ट्या आवळणे व पत्रे घट्ट करणे ही कामे एकदम निघतात. पातळ लोखंडी अँगलवर पट्ट्या बसविण्यास लहान यंत्र चालते. आधी खिळ्याने ठोकून खळगी करावी, ३ ते ४ मिलिमीटरचे भोक प्रथम पाडावे, तेलाचा थेंब सोडावा व मग मोठे भोक करावे. घाई केल्यास बिट जळते आणि दोष यंत्राला दिला जातो.

पत्र्याचे काम शिडीवर उभे राहून, हात डोक्यावर धरून करावे लागते. तेथे अर्ध्या-एक किलोचा फरक खांद्याला जाणवतो. शिवाय बिट मध्येच अडकले तर मोठ्या यंत्राचा पीळ मनगटाला झटका देतो. जमिनीवर तो सावरता येतो, शिडीवर तोल जातो. म्हणून उंचावरील कामास लहान यंत्र अधिक सुरक्षित समजावे. ओल्या गोठ्यात विजेची वायर ओढावी लागत नाही, हा बॅटरीच्या यंत्राचा मोठाच लाभ आहे. तथापि भिंतीत दडलेल्या वायरला बिट लागू शकते. तेव्हा त्या खोलीची वीज आधी बंद करावी व डोळ्यांवर चष्मा लावावा.

बॅटरीची निगा

यंत्राच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीत असतो आणि न वापरताही ती म्हातारी होते. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरवर उन्हात ठेवल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. कामावरून तापून आलेली बॅटरी निवाल्यावरच भरावी. बरेच दिवस काम नसेल तर ती निम्मी भरून घरात थंड जागी ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी पाहावी. फुगलेली बॅटरी वापरू नये, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. यास्तव ती दुकानदाराकडे द्यावी.

निवड कशी करावी

मागील वर्षभरात घरात कोणकोणती भोके पाडावी लागली, याची यादी शेतकऱ्याने खरेदीपूर्वी करावी. त्यांपैकी बहुतेक कामे लाकूड, पत्रा व विटेची असतील, तर लहान यंत्र घ्यावे आणि वाचलेल्या पैशात दुसरी बॅटरी व चांगली बिटे घ्यावीत. भारनियमनाच्या वेळी भरलेली दुसरी बॅटरी मोठ्या यंत्राहून उपयोगी पडते. चौकटी, जाड लोखंड, शेडची उभारणी ही कामे वारंवार निघत असतील तरच मोठे घ्यावे. लहानाची बॅटरी मोठ्याला चालत नाही, हेही आधीच ध्यानात ठेवावे.

वर्षातून दोन-चार दिवसच मोठे काम निघत असेल, तर प्रत्येकाने मोठे यंत्र घेऊन ते कोनाड्यात ठेवण्यात अर्थ नाही. वस्तीवरील पाच-सहा घरांनी किंवा शेतकरी गटाने मिळून एक मोठे यंत्र ठेवावे, त्याची वही ठेवावी व निगेची जबाबदारी एकावर सोपवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत दोन्ही यंत्रे प्रत्यक्ष हाताळावयास द्यावीत. हात उंच करून दोन मिनिटे यंत्र धरून पाहिले, की कोणते घ्यावे याचे निम्मे उत्तर ज्याचे त्यालाच मिळते.