इतिहास ठाऊक असलेली नायिका : छिंग दरबारातून गोर्योच्या राजवाड्यात

सप्टेंबर २०११ मध्ये चीनच्या हुनान वाहिनीवर ‘बू बू जिंग शिन’ ही पस्तीस भागांची मालिका सुरू झाली. नावाचा आशय असा की, प्रत्येक पावलाला काळजाचा ठोका चुकावा. तोंग हुआ या लेखिकेने आधी इंटरनेटवर क्रमशः लिहिलेल्या कादंबरीवर ती बेतलेली होती. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, दक्षिण कोरियाच्या एसबीएस वाहिनीने तिची स्वतःची आवृत्ती काढली. ‘मून लव्हर्स : स्कार्लेट हार्ट र्यो’ या नावाने आपल्याकडील अनेक तरुण प्रेक्षक तिला ओळखतात. बहुतेकांनी आधी कोरियन मालिका पाहिली आणि मूळ चिनी मालिका नंतर, किंवा पाहिलीच नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या, तर एकच कथानक दोन देशांच्या इतिहासात कसे वेगळे रुजते हे लक्षात येते.

कथेचा सांगाडा एकच आहे. आजच्या काळातील एक तरुणी अपघाताने शतके मागे जाते आणि राजघराण्याशी नाते असलेल्या एका मुलीच्या देहात जागी होते. भोवती राजपुत्रांचा गराडा असतो. आठव्या राजपुत्रावर तिचे प्रेम जडते, ते विरते आणि पुढे ती चौथ्याची होते. हा चौथा राजपुत्रच भावांच्या रक्तावरून चालत सिंहासनावर बसणार आहे. चिनी मालिकेतील रुओशी (लिऊ शिशी) कांगशी सम्राटाच्या काळात, इ. स. १७०४ मध्ये पोहोचते. दख्खनेत महाराणी ताराबाई औरंगजेबाशी झुंजत होत्या तोच हा काळ. कोरियन मालिकेतील हे सू (गायिका आययू) त्याहून बरीच मागे, ९४१ साली, गोर्यो राज्याचा संस्थापक वांग गॉन याच्या दरबारात येते.

चौथा राजपुत्र आणि धाकटा चौदावा हे सख्खे भाऊ आणि आईचा ओढा धाकट्याकडे, ही मूळ कथेतील एक मोठी जखम आहे. योंगझेंग सम्राट आणि त्याचा चौदावा भाऊ खरोखरच एका मातेचे पुत्र होते. कोरियन लेखिका जो यून-यंग हिला गोर्योच्या इतिहासातही जवळपास तसाच सांधा सापडला. पुढे ग्वांगजोंग म्हणून राज्य केलेला वांग सो हा वांग गॉनचा चौथाच पुत्र, आणि त्याच्या आधी गादीवर आलेला वांग यो हा त्याचा सख्खा थोरला भाऊ. मालिकेत वांग सोच्या चेहऱ्यावर आईच्या हातून झालेल्या जखमेचा व्रण आहे. तो कल्पित असला तरी आई-मुलाच्या तुटलेल्या नात्याला त्याने डोळ्यांना दिसणारे रूप दिले आहे. आधुनिक काळात सौंदर्यप्रसाधने विकणारी नायिका तो व्रण रंगाने झाकते. त्यामुळे पाऊस मागण्याच्या विधीला तो प्रथमच ताठ मानेने लोकांसमोर उभा राहतो. हा प्रसंग मूळ मालिकेत नाही, आणि कोरियन आवृत्तीतील उत्तम प्रसंगांत मी त्याची गणना करीन.

खरा फरक मात्र राजकारणाच्या जातीत आहे. छिंग दरबारात बापाचा शब्द अखेरचा असतो. कांगशीने १७०८ मध्ये युवराजाला पदच्युत केले, पुढच्या वर्षी परत घेतले आणि १७१२ मध्ये पुन्हा काढून टाकले. साऱ्या राजपुत्रांचे डोळे त्या एका वृद्धाच्या भुवईकडे लागलेले. म्हणून चिनी मालिका चहाच्या पेल्याभोवती फिरते. रुओशी सम्राटाची चहा देणारी दासी होते आणि कोणता शब्द कोणासमोर उच्चारावा याचा हिशेब करीत जगते. हालचाल कमी, ताण अधिक. गोर्योत याच्या उलट राजाच दुबळा होता. प्रबळ सरदार घराण्यांना बांधून ठेवण्यासाठी वांग गॉनने एकोणतीस विवाह केले. त्यामुळे प्रत्येक राजपुत्रामागे आजोळचे सैन्य आणि आजोळची महत्त्वाकांक्षा उभी राहिली. ९४३ मध्ये तो वारल्यावर सहा वर्षांत दोन राजे आले आणि गेले. म्हणूनच कोरियन मालिकेत विषप्रयोग, बंड आणि तलवारी आहेत. सावत्र भावंडांचे विवाहही त्या घराण्यात होत, आणि मालिकेने ते लपवलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. रुओशीला इतिहास पाठ आहे, आणि चिनी प्रेक्षकालाही. योंगझेंगवर १९९९ मध्ये गाजलेली मालिका येऊन गेली होती, आणि त्याने मृत्युपत्रातील ‘चौदावा’ हा शब्द बदलवून घेतला ही लोककथा तर घरोघरी ठाऊक होती (अभ्यासक ती मानत नाहीत, तो भाग वेगळा). म्हणूनच रुओशी आठव्या राजपुत्राला चौथ्यापासून सावध करते, तेव्हा प्रेक्षक शहारतो. त्या इशाऱ्यामुळे आठवा चौथ्याविरुद्ध डाव टाकतो. चौथा ते विसरत नाही, आणि सम्राट झाल्यावर भावांचा छळ करतो. जे टाळायचे होते ते तिच्याच तोंडून घडले, हे आठव्याची पत्नी तिला सांगते. त्या धक्क्यात रुओशीचा गर्भपात होतो. इतिहास ठाऊक असणे हाच तिचा शाप ठरतो. सगळी मालिका या एका कार्यकारणावर उभी आहे.

कोरियात हा डाव तसाच मांडता येत नव्हता. तेथील सामान्य प्रेक्षकाला जोसन काळ जितका जवळचा, तितका दहाव्या शतकातील गोर्यो नाही. हे सूलाही ग्वांगजोंगने भावांना मारले याहून फारसे ठाऊक नसते, आणि वांग सो हाच तो, हे तिला बरेच उशिरा उमगते. इशाऱ्याचा धागा येथेही आहे, पण तो पातळ. त्याऐवजी मालिका वेगळाच प्रश्न विचारते : इतिहासाने ज्याला क्रूर म्हटले, त्याने ते कृत्य कोणत्या क्षणी केले? बंडात सापडलेला दहावा राजपुत्र बाणांनी घायाळ होतो आणि मरण्यासाठी वांग सोकडेच याचना करतो. वांग सो तलवार चालवतो. हे सू ते पाहते. पुस्तकात ‘भावाला मारले’ एवढेच उरणार आहे. चिनी मालिकेतला दहावा केवळ विनोदी आणि भाबडा आहे. कोरियन लेखिकेने त्याच्याकडून घेतलेले काम कितीतरी मोठे आहे.

तरीही कोरियन मालिका सलग उंची राखत नाही. वीसच भाग, आणि सुरुवातीचे बरेचसे राजपुत्रांच्या थट्टामस्करीत खर्ची पडलेले. परिणामी आठव्या राजपुत्राचे प्रेमीपासून प्रतिस्पर्ध्यापर्यंतचे परिवर्तन घाईचे वाटते. कांग हा-नुल हा समर्थ नट असूनही ती दरी भरत नाही. चिनी मालिकेत याच भूमिकेतील केविन चेंगला पुरेसा अवकाश मिळाला आहे. आणखी एक बारकावा : मूळ कथेत आठव्याची पत्नी असलेली रुओशीची बहीण पतीवर प्रेमच करीत नाही, ती एका मृत सैनिकाच्या आठवणीत जगते. कोरियन मालिकेत ती आजारी, पतिनिष्ठ चुलतबहीण आहे आणि वेळेवर मरण पावते. नायिकेची वाट त्यामुळे सोपी होते, पण नात्यांतला पीळ सैल पडतो. ग्वांगजोंगने ९५६ मध्ये अन्यायाने गुलाम झालेल्यांना मुक्त करण्याचा कायदा आणला आणि ९५८ मध्ये अधिकारी निवडण्यासाठी परीक्षा सुरू केली. या कर्तृत्वाला मालिकेत जागा तुटपुंजी आहे.

मायदेशी या मालिकेला मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. त्याच वेळेत केबीएसवर चाललेल्या ‘मूनलाइट ड्रॉन बाय क्लाउड्स’ने तिला मागे टाकले. परदेशात मात्र तिचा चाहतावर्ग वाढत गेला, आणि त्याचे मोठे श्रेय ली जून-गीच्या वांग सोला द्यावे लागेल. निकी वूचा चौथा राजपुत्र संयमाने थंड आहे. ली जून-गीचा सतत जखमी.

शेवट दोन्हीकडे एकाच पत्रावर येतो. चौदाव्या राजपुत्राशी विवाह करून दूर गेलेली नायिका मरणापूर्वी राजाला लिहिते. तिचे अक्षर राजासारखेच असल्याने संशय येऊ नये म्हणून चौदावा वर आपल्या अक्षरातील पाकीट घालतो. भावाचे पत्र समजून राजा ते बाजूला ठेवतो. चीनमध्ये रुओशी मागे काही न ठेवता जाते; कोरियात एक मुलगी मागे राहते. मग दोघीही आपल्या काळात जाग्या होतात. चिनी नायिकेला संग्रहालयात हुबेहूब चौथ्यासारखा दिसणारा माणूस भेटतो. तो तिला ओळखत नाही आणि निघून जातो. कोरियन नायिकेच्या वाट्याला तो अनोळखी माणूसही येत नाही. प्रदर्शनातील एका चित्रासमोर उभी राहून, त्याला एकटे टाकून आल्याबद्दल ती रडत क्षमा मागते.