खुंट उपटला कुणी?

डिसेंबर १९८०चा, मार्व्हल कंपनीच्या ‘एक्स-मेन’ या अमेरिकी कॉमिकचा १४०वा अंक. कोलोसस हा अंगाचं पोलाद करू शकणारा रशियन पोरगा एका झाडाचा खुंट जमिनीतून उपटतोय. चित्रकार जॉन बर्नच्या हिशेबी हा त्याच्या डाव्या हातचा मळ होता आणि चित्रही त्याने तसंच काढलं होतं. छापील अंकात मात्र कोलोसस धापा टाकत, स्वतःला बजावत खुंट उपटतो, कारण चित्रं हातात आल्यावर लेखक ख्रिस क्लेअरमॉन्टने त्याच्या तोंडी तसे संवाद घातले. इथे आपला संयम संपला, असं बर्नने पुढे सांगितलं आहे. १४३व्या अंकानंतर त्याने ‘एक्स-मेन’ सोडलं.

एवढ्याशा खुंटावरून जमलेली जोडी मोडते का, असं वाटेल. पण मार्व्हलमध्ये तेव्हा काम कसं चालायचं ते कळलं की भांडणही कळतं. लेखक आणि चित्रकार मिळून कथानकाचा आराखडा ठरवत. मग चित्रकार अख्खा अंक रेखाटून काढी. कुठला प्रसंग ताणायचा, कुठला दोन चौकटींत उरकायचा, ते तोच ठरवी. संवाद आणि निवेदन लेखक त्या तयार पानांवर सगळ्यात शेवटी लिही. म्हणजे कागदावर शेवटचा हात लेखकाचा. क्लेअरमॉन्टच्या कारकिर्दीचा फेरविचार गेली काही वर्षं जोरात चालू आहे. त्याची स्तुती असो की टीका, मला या कार्यपद्धतीची आठवण ठेवल्याशिवाय दोन्ही अपुरी वाटतात.

कारकीर्द आहेही तशीच अवाढव्य. क्लेअरमॉन्टचा जन्म १९५०चा, लंडनचा, वाढला अमेरिकेत. ‘एक्स-मेन’ तेव्हा मेल्यात जमा होतं. १९७०पासून नवी कथा नव्हती, जुन्याच कथा पुन्हा छापत होते. १९७५मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी एका विशेषांकात नवी, देशोदेशीची टोळी उभी केली आणि ९४व्या अंकापासून लेखणी पंचविशीही न गाठलेल्या क्लेअरमॉन्टकडे आली. सुरुवातीला दर दोन महिन्यांनी निघणारं हे कॉमिक पुढे अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या कॉमिकांपैकी एक झालं. क्लेअरमॉन्ट थांबला तो थेट १९९१मध्ये. त्या वर्षी त्याने आणि जिम ली या चित्रकाराने काढलेल्या नव्या ‘एक्स-मेन’ मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. गिनीज बुकात तो विक्रम आहे. तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमॉन्ट बाहेर पडला होता.

आता हे सगळं पुन्हा का वाचलं जातंय? एक तर मिळतं म्हणून. पूर्वी जुना अंक हवा तर दुकानांतून धुंडाळावा लागे. आता वर्गणी भरली की मोबाइलवर सोळा वर्षं सलग वाचता येतात, आणि उशीएवढे जाड ओम्निबस संग्रहही आहेत. जे एडिडिन आणि माइल्स स्टोक्स यांनी २०१४पासून पॉडकास्टवर ‘एक्स-मेन’चा गुंता अंकामागून अंक सोडवायला घेतला. कॅनडातले अभ्यासक जे. अँड्र्यू डेमन यांनी कोण किती बोलतं, कोण कुणाला वाचवतं, अशी मोजदाद करत क्लेअरमॉन्टची पानं पिंजली. त्यांचं पुस्तक २०२३मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. क्लेअरमॉन्टची स्वतःची कागदपत्रं २०११पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहेत.

नव्या वाचकाची पहिली तक्रार ठरलेली: माणूस फार बोलतो. खरंच बोलतो. चित्रात जे दिसतंय तेच वर निवेदनात, तेच खाली विचारांच्या फुग्यात. अक्षरलेखक टॉम ओर्झेकोव्स्की नसता तर ती पानं वाचवली नसती. इतका मजकूर इतक्या नेटक्या, बारीक अक्षरांत बसवणं हे त्याचंच कसब. दर अंकात कुणीतरी आपली शक्ती काय, ती कशी चालते हे स्वतःशीच सांगतं. चार अंक एका बैठकीत वाचले की वैताग येतो.

पण ते एका बैठकीत वाचायला लिहिलेलं नव्हतंच. किराणा दुकानाच्या कोपऱ्यातल्या तारेच्या फिरत्या स्टँडवर अंक असायचा. या महिन्याचा सापडला तरी मागचा सापडेलच असं नाही, आणि प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिला असतो असा मार्व्हलचा दंडकच होता. ‘करमणूक’मध्ये हप्त्याहप्त्याने आलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या पुस्तकात वाचताना आपणही कुठे कुठे पानं उलटतोच की. शब्दबंबाळपणाचा आरोप मी साफ पुसणार नाही, पण त्यातला निम्मा वाटा स्टँडच्या नावावर टाकावा लागतो.

उलट त्या महिन्यामागून महिन्याच्या संथपणातून जे साधलं, ते आज जास्त उठून दिसतं. स्टॉर्मचंच बघा. वारा-पाऊस हुकमात ठेवणारी, केनियात देवी मानली गेलेली, जीव न घेण्याचं व्रत घेतलेली ही कृष्णवर्णीय बाई. १९८३मध्ये, १७०व्या अंकात, न्यूयॉर्कखालच्या बोगद्यांत राहणाऱ्या मोरलॉकांच्या म्होरकीशी, कॅलिस्टोशी, तिला सुरीने लढावं लागतं आणि ती सुरी खरोखर कॅलिस्टोच्या काळजात खुपसते. तीन अंकांनी ती जपानमध्ये डोक्याच्या दोन्ही बाजू भादरून, मधोमध तुरा ठेवून, अंगात काळं चामडं घालून समोर येते. तिला आईसारखं मानणारी टोळीतली किटी ते ध्यान बघून हादरते. १८५व्या अंकात सरकारी माणसाने टोळीतल्या दुसरीवर झाडलेल्या शस्त्राने स्टॉर्मची शक्तीच जाते.

मग येतो १८६वा, ऑक्टोबर १९८४चा, बॅरी विंडसर-स्मिथने चितारलेला दुप्पट पानांचा अंक. डॅलसमधल्या एका उंच इमारतीतलं घर, त्यात स्टॉर्म आणि फोर्ज हा कारागीर. बाकीच्या टोळीचं मध्येच थोडं येतं, पण अंक या दोघांचा. ती वाऱ्याला हाक मारते, वारा येत नाही. ती खचते, सावरते. जेवणखाण, बोलणं, जवळीक. आणि मग तिला कळतं, की आपली शक्ती हिरावणारं शस्त्र याच माणसाने बनवलं. मारामारीच्या मासिकात मारामारीला रजा देऊन दोन माणसं एका घरात बोलत बसतात, हे तेव्हाच्या पोरांनी कसं पचवलं असेल कोण जाणे. जानेवारी १९८६च्या २०१व्या अंकात, अजून शक्ती परत आलेली नसताना, ती नेतेपदासाठी टोळीच्या जुन्या म्होरक्याला, सायक्लॉप्सला, समोरासमोर हरवते. सुरीपासून इथवर अडीच वर्षं. नव्या वाचकांना, विशेषतः वाचिकांना, जीन ग्रे ऊर्फ फीनिक्सच्या गाजलेल्या कथेपेक्षा हा प्रवास अधिक आपला वाटतो, आणि मीही त्यांच्याच बाजूचा.

मॅग्नेटोचंही तसंच. १९६३पासूनचा हा साचेबंद खलनायक. १५०व्या अंकात, १९८१मध्ये, आपल्या हातून एक लहान मुलगी मेली असं वाटून तो थांबतो आणि आपण आउशवित्झमधून वाचलेलो आहोत, हे त्याच्या तोंडून बाहेर पडतं. तरुणपणी काही काळ इस्राएलमधल्या किबुत्झवर राहिलेल्या क्लेअरमॉन्टने ते सोडलं नाही. २००व्या अंकात पॅरिसमध्ये मॅग्नेटोवर खटला चालतो, पुढे तो एक्स-मेनचा संस्थापक झेविअर याच्या शाळेचा कारभार हाती घेतो. २०००च्या ‘एक्स-मेन’ चित्रपटाची सुरुवात छळछावणीच्या दारात होते ती याच जोरावर. १९९१च्या शेवटच्या तीन अंकांत मात्र तो पुन्हा खलनायक झाला. क्लेअरमॉन्टच्या मनाविरुद्ध, पण त्याच्याच लेखणीतून.

आता पदरातले खडे. किटी तेरा-चौदा वर्षांची, तिचं प्रेम वयाने बऱ्याच मोठ्या कोलोससवर, आणि ते गोड म्हणून मांडलेलं. मुख्य संपादक जिम शूटरला तेव्हाही ते खटकलं होतं. १९८२च्या सचित्र कादंबरीत हीच गोरी किटी आपल्या कृष्णवर्णीय नृत्यशिक्षिकेशी वाद घालताना मुद्दा पटवायला काळ्यांसाठीची सर्वात घाण शिवी उच्चारते. हेतू वर्णद्वेषाविरुद्धचा होता, हे बचावाचं वाक्य आज कुणी ऐकून घेत नाही, घेऊही नये. १९८९मध्ये बेट्सी ब्रॅडक या इंग्रज बाईला जपानी मारेकरणीचं रूप चढवलं गेलं. तो गुंता पुढच्या लेखकांनी आणखी वाढवला आणि बेट्सी मूळ शरीरात परतायला २०१८ उजाडलं. शिवाय मन ताब्यात घेण्याच्या कथांचा अतिरेक आहेच.

पण त्याच काळात ‘अॅव्हेंजर्स’च्या २००व्या अंकात कॅरल डॅनव्हर्स या नायिकेवर मनाचा ताबा घेऊन बलात्कार होतो आणि तिचे सोबती तिची हसतमुखाने त्या पुरुषासोबत पाठवणी करतात. कॅरल स्ट्रिकलंड या वाचिकेने चाहत्यांच्या पत्रिकेत त्यावर सणसणीत लेख लिहिला. १९८१च्या ‘अॅव्हेंजर्स’ वार्षिकात क्लेअरमॉन्टने कॅरलला परत आणलं आणि तिच्याकडून त्या सोबत्यांची खरडपट्टी काढली. एका लेखकाने आपल्याच प्रकाशनाला आपल्याच पानांवर दिलेली ही चपराक आजही वाचण्यासारखी आहे.

आणि श्रेयाचं काय? फीनिक्स झालेली जीन ग्रे एक सूर्य गिळते, पाच अब्ज जीव जातात. लेखक-चित्रकारांच्या मूळ शेवटात जीन शक्ती गमावून जगणार होती. शूटरने शिक्षा झालीच पाहिजे म्हणून अंक बदलायला लावला आणि १३७व्या अंकात ती मेली. ती मेली नसती तर ही कथा इतकी टिकली असती का? मला नाही वाटत. मूळ शेवट १९८४मध्ये वेगळा छापला गेला; वाचून पाहावा, मिळमिळीत आहे. म्हणजे क्लेअरमॉन्टची सर्वात प्रसिद्ध गोष्ट मोठी झाली ती त्याचा हात धरणाऱ्यामुळे. लुईस सायमनसन आणि अॅन नोसेंटी या संपादक बायांचं नाव तर फेरविचारात आत्ता कुठे घेतलं जातंय.

२००० साली तो परतला, कोलकात्याचा नील शारा हा नायकही तेव्हाचाच. पण जुनी घडी बसली नाही. २००९मध्ये ‘एक्स-मेन फॉरएव्हर’ काढून मार्व्हलने त्याला १९९१मध्ये जिथे थांबला तिथूनच पुढे मनासारखं लिहायची मुभा दिली. दोनेक वर्षांत तेही आटोपलं. चाहत्यांच्या यादीत ते आज क्वचितच वर दिसतं.

उलट त्याला कधीच लिहू न दिलेली एक गोष्ट आज त्याच्या नावावर मोजली जाते. रूप पालटणारी मिस्टीक आणि अंध भविष्यवेत्ती डेस्टिनी या दोघी जोडीदार आहेत, हे त्याने वर्षानुवर्षं आडवळणाने सुचवलं. तेव्हाच्या कॉमिक्स संहितेत उघड लिहायची सोयच नव्हती. या दोघीच एक्स-मेनपैकी नाइटक्रॉलरचे आईबाप, मिस्टीक बाप आणि डेस्टिनी आई, ही त्याची कल्पना तर बासनातच राहिली. नोव्हेंबर २०२३मध्ये ती अधिकृत झाली, एका विशेषांकात. लेखक सायमन स्परिअर. तो अंक क्लेअरमॉन्टच्या खात्यात धरायचा की स्परिअरच्या, यावर चाहत्यांचं अजून एकमत नाही.