आयजीए नेफ्रोपॅथी : उपचार आणि भवितव्य

मूत्रपिंडाच्या बायॉप्सीचा अहवाल घेऊन माझ्याकडे येणारा आयजीए नेफ्रोपॅथीचा रुग्ण बहुधा विशी-तिशीतला असतो. ‘मला काहीच त्रास नाही, मग इतकी औषधे कशासाठी?’ हा त्याचा प्रश्न. ‘डायालिसिस करावे लागेल का?’ हा आईवडिलांचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

१९६८ साली पॅरिसचे झाँ बेर्जे व निकोल अँग्ले यांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले. घसा व आतडी यांच्या अस्तराचे रक्षण करणारे आयजीए हे प्रतिपिंड काही व्यक्तींत सदोष घडणीचे तयार होते. शरीर त्यालाच परके मानून त्याविरुद्ध दुसरी प्रतिपिंडे निर्माण करते. त्यांची संयुगे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत साचतात. तेथे दाह होतो आणि पुढे व्रण पडतात. घसा धरल्यावर एक-दोन दिवसांत लघवी चहासारखी लाल होणे, ही त्याची ओळखीची खूण. परंतु अनेकांत तीही दिसत नाही. लघवीच्या तपासणीत केवळ रक्तपेशी आणि प्रथिने आढळतात. निश्चित निदान बायॉप्सीनेच होते.

हा आजार सौम्य आहे, असे पूर्वी आपण मानत होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील नोंदणी-अभ्यासाने हा समज दूर केला. क्रिएटिनिनच्या प्रत्येक ग्रॅममागे सरासरी ०.४४ ते ०.८८ ग्रॅम प्रथिने जाणाऱ्या रुग्णांपैकीही सुमारे ३० टक्के जणांची मूत्रपिंडे दहा वर्षांत निकामी झाली. म्हणूनच प्रथिनांचे प्रमाण दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या खाली, शक्य तर ०.३ ग्रॅमच्याही खाली आणणे, हे आजचे उद्दिष्ट आहे.

उपचाराचा पाया साधा आहे : रक्तदाबावर काटेकोर नियंत्रण, दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, धूम्रपान वर्ज्य, आणि रामिप्रिल किंवा लोसार्टन गटातील औषध सोसेल त्या पूर्ण मात्रेत. मधुमेह नसतानाही डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे मूत्रपिंडाची झीज मंदावतात. स्टेरॉइडचा उपयोग होतो, पण जंतुसंसर्गाचा धोका मोठा. आपल्याकडे क्षयरोग व हिपॅटायटिस बी यांची तपासणी केल्यावाचून ते सुरू करू नये. आतड्यात विरघळणारे ब्युडेसोनाइड, स्पार्सेन्टान, इप्टाकोपान ही नवी औषधे २०२१ पासून अमेरिकेत संमत झाली. आशा वाढली आहे. मात्र त्यांची किंमत सामान्य कुटुंबाला पेलणारी नाही.

काही रुग्णांवर डायालिसिसची वेळ येते, हे नाकारता येत नाही. प्रत्यारोपणानंतर हा विकार नव्या मूत्रपिंडातही परतू शकतो. तरीही ते मूत्रपिंड बहुधा अनेक वर्षे उत्तम काम देते.

माझ्या फॅमिली फिजिशियन बंधुभगिनींना नम्र विनंती आहे, की तरुणाच्या लघवीतील प्रथिनांकडे ‘किंचित आहेत’ म्हणून दुर्लक्ष करू नये. रुग्णांनी बरे वाटते म्हणून गोळ्या सोडू नयेत. वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत. रामिप्रिल-लोसार्टन गटातील औषधे गर्भाला घातक आहेत. अपत्याचा विचार करणाऱ्या भगिनींनी आधीच डॉक्टरांशी बोलावे. हा आजार दुखत नाही, म्हणूनच तो मोजावा लागतो. आणि त्यासाठी लघवीची साधी तपासणी व रक्तदाबाचे यंत्र आपल्या प्रत्येक गल्लीतल्या दवाखान्यात उपलब्ध आहे.