मत्स्यसाठा मूल्यांकन

मत्स्यसाठा मूल्यांकन म्हणजे एखाद्या जातीचा मत्स्यसाठा किती आहे आणि त्यातून किती मासळी पकडली असता तो टिकून राहील, याचा गणिती अंदाज होय.

पद्धत

बंदरावर उतरलेल्या मासळीची लांबी व वजन नोंदवून वाढीचा दर आणि एकूण मृत्युदर काढतात. त्यातून नैसर्गिक मृत्युदर वजा केल्यास मासेमारीमुळे होणारा मृत्युदर मिळतो.

महाराष्ट्रात

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (स्थापना १९४७) मुंबई केंद्राच्या शिफारशींवरून राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरविले. चंदेरी पापलेटासाठी ते १३५ मिलिमीटर आहे. एकदाही अंडी न घातलेली पिल्ले जाळ्यात गेल्यास पुढील पिढी घटते, हे त्यामागील कारण होय.

संशोधक

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत या विषयात पीएच.डी. करता येते. पीएच.डी.नंतरच्या अधिछात्रवृत्त्या बहुधा दोन-तीन वर्षांच्या असतात. साठ्यातील चढउतार उमगण्यास मात्र दीर्घकाळच्या सलग नोंदी लागतात. त्यामुळे नव्या संशोधकास पूर्वसूरींच्या नोंदींवर विसंबावे लागते.

मर्यादा

गणिती प्रारूप संभाव्य परिणाम दाखविते, निर्णय देत नाही. आजची मिळकत आणि उद्याची मासळी यांचा मेळ शासन व कोळी समाज यांनाच घालावा लागतो.