जयपूरच्या बागेतील हेमंत

विलायतेतील उद्यानविषयक ग्रंथांत, शरदाच्या अखेरपर्यंत पाने राखणाऱ्या झाडांची मोठी वाखाणणी आढळते. ती साहजिक आहे. तेथे दिवस आखूड होऊन गारठा वाढला, की झाड पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील उपयुक्त अंश परत घेते. आजवर झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो, तांबडा पुष्कळदा नव्याने तयार होतो, आणि अखेर देठाच्या तळाशी पेशींचा एक थर बनून पान गळते. जयपूरचा प्रकार निराळा आहे. तेथे सप्टेंबर सरता सरता पाऊस परततो. पण कार्तिक-मार्गशीर्षात झाडे उघडी होत नाहीत. कडुनिंब, पिंपळ जुनी पाने टाकतात ती फाल्गुनाच्या सुमारास. हेमंतातील पानाची पहिली कसोटी तेथे लागते ती कोरड्या हवेशी.

१८६८ साली महाराजा सवाई रामसिंह ह्यांनी रामनिवास बाग उभारली, ती दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून. पाण्याची चिंता त्या नगरीस नवी नाही. शहराची तहान भागविणारा रामगढचा तलाव चालू शतकाच्या आरंभी आटला. आता बनास नदीवरील बिसलपूरच्या धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटरांवरून, पाणी आणावे लागते. अशा ठिकाणी शोभेच्या पानालाही पाण्याचा हिशेब द्यावाच लागतो.

ह्या हिशेबात कोकणच्या अंगणातला क्रोटन हमखास नापास होतो. नोकरीनिमित्त उत्तरेकडे जाणारे मराठी कुटुंब हौसेने त्याची कुंडी सोबत नेते, आणि पौषात तिची पाने एकामागून एक गळू लागतात. दोष माळ्याचा नव्हे. क्रोटन मूळचा मोलुक्का बेटांकडील दमट हवेतला. जानेवारीत जयपूरचे रात्रीचे तापमान ८ अंशांच्या आसपास उतरते, ते त्यास मानवत नाही. कुंडी रात्री ओसरीत घ्यावी, सकाळचे ऊन द्यावे आणि पाणी बेताने घालावे. गारठ्यात भरपूर पाणी घालण्याची माया मुळे कुजविते.

कण्हेरीची गोष्ट वेगळी. तिच्या पानाच्या पाठीवर सूक्ष्म खळगे असतात, पर्णरंध्रे त्यांत दडलेली असतात आणि वर लव असते. त्यामुळे वाऱ्याला ओलावा सहजी ओढून नेता येत नाही. मात्र तिचे सर्वांग विषारी असल्याने मुले व गुरे ह्यांपासून ती दूर लावावी. कुंपणाला सोनेरी ड्युरांटा चांगला. सावलीत त्याचे सोने हिरवट होते, म्हणून त्यास ऊन हवे. कोलियसचे तुरे दिसताच खुडले, तर त्याची रंगीत पाने अधिक दिवस टिकतात; कडाक्याच्या थंडीपुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही.

आणि ज्याला पानांचा पालटता रंगच पाहावयाचा असेल, त्याने बागेबाहेर, नाहरगडाच्या उतारांकडे दृष्टी टाकावी. आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेला धोक तेथे कोणाच्याही पाण्यावाचून वाढतो, आणि गळण्यापूर्वी त्याची पाने तांब्यासारखी होतात.